मरणाचा खेळ आणि खावटीचा दाणा

तरुणांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे व कोणते देऊ नये, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वारंवार निघतो, आणि तो निघावा हे योग्यच आहे. वाचलेले पुस्तक अन्नासारखे असते. चांगले असल्यास अंगी लागते, वाईट असल्यास बाधते. कर्जत व खालापूर तालुक्यांतील खेड्यांतून जी मुले व मुली आगगाडीने किंवा एस.टी.ने मोठ्या शाळांत व कॉलेजांत जातात, त्यांच्या हाती हल्ली इंग्रजी कादंबऱ्या सहज येऊ शकतात. सुझन कॉलिन्स ह्या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स', म्हणजे 'उपासमारीचे खेळ', ही अशा कादंबऱ्यांपैकी एक होय. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तिचे पुढील दोन भाग २००९ व २०१० साली निघाले, आणि २०१२ पासून तिच्यावरून बोलपटही तयार झाले. ह्या पुस्तकात मुले मुलांस ठार मारतात हे ऐकून आईबाप दचकतात. असले वाचून मुलांच्या मनात क्रूरपणा शिरणार नाही काय, असे त्यांस वाटते. ही काळजी रास्त आहे. म्हणून आज तिचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गोष्ट थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पुढे केव्हातरी येणाऱ्या काळी उत्तर अमेरिकेच्या भूमीवर पॅनेम नावाचे एक राज्य आहे, अशी लेखिकेने कल्पना केली आहे. लॅटिन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ भाकर असा होतो. रोमी लोकांस भाकर व खेळतमाशे मिळाले म्हणजे ते दुसऱ्या कशाची विचारपूस करीत नाहीत, असा टोमणा एका प्राचीन रोमी कवीने मारला होता. त्यातून हे नाव घेतले आहे. ह्या राज्यात एक श्रीमंत राजधानी असून तिच्यासाठी राबणारे १२ जिल्हे आहेत. जिल्ह्यांनी एकदा बंड केले होते. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या काढून निवडतात, आणि अशी २४ मुले एका बंदिस्त रणभूमीत सोडून देतात. नियम एवढाच की, शेवटी एकानेच जिवंत राहावे. राजधानीचे लोक हा प्रकार पडद्यावर पाहतात, आवडीच्या मुलावर पैजा लावतात, आणि हसतखेळत जेवतात. कोळशाच्या खाणी असलेल्या १२ व्या जिल्ह्यात कॅटनिस नावाची १६ वर्षांची मुलगी राहते. तिचा बाप खाणीतील स्फोटात मेला आहे. ती चोरून शिकार करून आईस व धाकट्या बहिणीस पोसते. त्या वर्षी चिठ्ठी निघते ती तिच्या १२ वर्षांच्या बहिणीच्या, प्रिमच्या नावाची. तेव्हा कॅटनिस पुढे होते व तिच्याऐवजी मी जाते असे म्हणते.

हे ऐकून आमच्या वाचकांस एकचक्रा नगरीची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. बकासुरास रोज गाडाभर अन्न व एक माणूस पाठवावयाचे, आणि ज्या घराची पाळी आली त्या घरात रडारड व्हावयाची. मी जातो, मी जाते, असे घरातील प्रत्येकाने म्हणावयाचे. शेवटी कुंतीने आपला मुलगा परक्या मुलाच्या जागी पाठवावयाचा. ही कथा आमच्या भागात लहान मुलासही ठाऊक असते. कॉलिन्सबाईंनी अशाच एका ग्रीक कथेचे ऋण मान्य केले आहे. अथेन्सच्या लोकांनी क्रीट बेटाच्या राजाकडे सात मुलगे व सात मुली राक्षसाच्या भक्ष्यासाठी पाठवाव्या, असा त्या कथेत निर्बंध आहे. तेव्हा कल्पना आजची नव्हे, फार जुनी आहे. ह्या सर्व कथांत राक्षस भयंकर आहेच. परंतु त्याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे ती पाळी. गावाने पाळी लावून दिली, तिची यादी केली, आणि आपली पाळी टळली की निजावयास गेले. असे कसे होते, ह्याचा शोध घेण्यास कथा आम्हांस लावते.

क्रूर गोष्ट सांगणारे पुस्तक क्रूरच असते, असे आम्हांस वाटत नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती बाबा पदमनजी ह्यांची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली, आणि तिचा विषय विधवांचे हाल हाच होता. ती वाचताना सुख होत नाही. परंतु जे दुःख घराघरांत झाकून ठेवले होते, ते तिने उघड्यावर आणले. म्हणून पुस्तकात दुष्टपणाचे वर्णन आहे की नाही, एवढ्यावरून त्याची परीक्षा होत नाही. ते वर्णन वाचून आमचे मन कोणाच्या बाजूस वळते, हे पाहिले पाहिजे. दुष्टपणाची गोडी लागली तर पुस्तक वाईट. दुष्टपण कोठून उपजते हे कळले तर पुस्तक उपयोगाचे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जिवावर बेतले असता दुसऱ्याचा जीव घेऊन आपला वाचविणे हे कधी योग्य ठरेल काय? हा प्रश्न कादंबरीपुरता नाही. १८८४ साली इंग्लंडातून ऑस्ट्रेलियाकडे निघालेले मिन्योनेट नावाचे लहान जहाज दक्षिण अटलांटिक समुद्रात बुडाले. चार माणसे एका उघड्या होडीत उरली. अन्न नाही, गोडे पाणी नाही, असे कित्येक दिवस गेल्यावर कप्तान डड्ली व त्याचा सोबती स्टीफन्स ह्यांनी रिचर्ड पार्कर नावाच्या आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या पोऱ्यास मारले व त्याच्या मांसावर ते जगले. पुढे काही दिवसांनी दुसऱ्या जहाजाने त्यांस उचलले. आम्ही हे केले नसते तर सर्वच मेलो असतो, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी ते मान्य केले नाही. निकडीमुळे खून हा खून नाहीसा होत नाही, असे त्यांनी ठरविले. कारण कोणाचा जीव कमी मोलाचा हे ठरविण्याचा अधिकार ज्यास जगावयाचे आहे त्यालाच दिला, तर नेहमी सर्वांत दुबळा तोच निवडला जाईल. त्या दोघांस फाशीची शिक्षा सांगण्यात आली, आणि मग दया दाखवून ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली.

आमच्या देशाचा कायदाही असेच म्हणतो. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ९४ होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तेच तत्त्व कलम ३२ मध्ये आहे. जिवे मारण्याच्या तात्काळ धाकाने एखाद्याकडून काही गुन्हा करविला, तर त्यास पुष्कळशी क्षमा आहे. परंतु खुनाला नाही. आपल्या अंगावर धावून येणाऱ्यापासून स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क निराळा, आणि निरपराध्यास मारून आपला प्राण वाचविणे निराळे. कॅटनिसच्या गोष्टीतही हा भेद दिसतो. रू नावाची १२ वर्षांची मुलगी तिची सोबतीण होते. एक मुलगा रूला भाल्याने भोसकतो, आणि कॅटनिस तत्क्षणी त्यास बाणाने मारते. वाचणाऱ्या मुलास हे शौर्य वाटेल. परंतु तो मुलगाही चिठ्ठीने ओढून किंवा भरीस घालून आणलेला मुलगाच होता, हे त्यास विसरू देऊ नये. लेखिकेनेही कॅटनिसला ते विसरू दिलेले नाही.

ह्यावर कोणी म्हणतील की, कायदा काहीही म्हणो, मनुष्य मुळात लांडगाच आहे. पोट भरलेले असते तोवर तो सभ्य दिसतो, आणि प्रसंग आला की नखे बाहेर काढतो. रणभूमीची अशी गोष्ट वाचून पुष्कळ तरुण हाच धडा घेतात, आणि आमच्या मते ह्या वाचनातील खरा धोका तो आहे. रक्ताच्या वर्णनाने जेवढे बिघडत नाही, तेवढे ह्या समजुतीने बिघडते. कारण शेजारी लांडगा आहे असे एकदा मानले, म्हणजे आपणही दात पाजळून बसणे हे शहाणपण वाटू लागते.

परंतु ही समजूत खरी आहे काय? तिची परीक्षा आमच्याच डोंगरात झालेली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी ह्या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. सरकारी हिशेबाप्रमाणे वाडीची वस्ती २२८ माणसांची होती. त्यांपैकी २७ जणांचे देह सापडले, ५७ जण मातीखालीच राहिले, आणि १४४ वाचले. वाडीस मोटार जाण्याजोगी वाट नव्हती. निसरड्या पाऊलवाटेने डोंगर चढून जावे लागत होते. यंत्रे वर नेता येईनात, धुक्यापावसामुळे हेलिकॉप्टर उतरेना. जे काही केले ते माणसांनी पाठीवरून सामान वाहून, फावड्यांनी व हातांनी केले. राष्ट्रीय आपत्ती दलाचे जवान आले, तसेच खोपोली व आसपासच्या भागातील डोंगर चढण्यास सरावलेले तरुण आले, मजूर आले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी मदतीस जाण्यासाठी तो चढ चढत असतानाच हृदयक्रिया बंद पडून मरण पावले. २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला.

त्या रात्री वरची माती आणखी खाली येण्याचे भय होते, आणि जे वर चढत होते त्यांस ते कळत होते. तरी ते चढले. त्यांत सर्वच जण संत होते असे आम्ही म्हणत नाही. अशा प्रसंगी दुसऱ्याचे लांबविणारेही निघतात, व नुसते पाहावयास येणारेही निघतात. बघ्यांची गर्दी आवरण्यासाठी पुढे जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. परंतु डोंगर कोसळला म्हणून माणसे एकमेकांच्या नरड्यास लागली, असे झाले नाही. इरशाळवाडीतच असे घडले असेही नाही. पूर असो, भूकंप असो, पहिला हात पुष्कळदा शेजाऱ्याचाच पोहोचतो. मग कादंबरीतील मुले एकमेकांस का मारतात? ह्याचे उत्तर सोपे आहे. दरड कोणास असे सांगत नाही की, तुम्हांपैकी एकालाच जगता येईल. तो नियम रणभूमीत आहे, आणि तो माणसांनी केला आहे. संकट मनुष्यास लांडगा करीत नाही. एकाचे जगणे दुसऱ्याच्या मरणावर ठेवणारा नियम त्यास लांडगा करू पाहतो. म्हणून पुस्तक मिटल्यावर तरुणाने 'मी तेथे असतो तर कोणास मारले असते' असे विचारण्याऐवजी 'हा खेळ कोणी मांडला' असे विचारावे.

ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच एका जागी ठेवले आहे, परंतु घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते. चिठ्ठ्या सर्व मुलांच्या सारख्या नसतात. १२ व्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी मडक्यात पडते, १३ व्या वर्षी दोन, आणि अशा वाढत १८ व्या वर्षी सात होतात. मात्र ज्याच्या घरी उपासमार असेल, त्याने आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकावी व त्याबद्दल एका माणसास वर्षभर कसेबसे पुरेल एवढे धान्य व तेल न्यावे, अशी सवलत आहे. घरातील प्रत्येक माणसामागे अशी एक चिठ्ठी टाकता येते, आणि ह्या चिठ्ठ्या दरसाल साचत जातात. कॅटनिसने आईसाठी, बहिणीसाठी व स्वतःसाठी असे धान्य घेतले. म्हणून १६ व्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या झाल्या. तिचा मित्र गेल हा पाच माणसांचे पोट भरतो. १८ व्या वर्षी त्याच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. जे घर खाऊनपिऊन सुखी आहे, तेथील मुलाच्या सातच. नावाला ती दैवाची सोडत. परंतु मडक्यात हात घालण्याच्या आधीच भुकेने निवड केलेली असते. शिवाय ४२ चिठ्ठ्यांचा मुलगा सात चिठ्ठ्यांच्या मुलाचा द्वेष करतो, राजधानीचा करावयास विसरतो, आणि राजधानीस तेच पाहिजे असते.

वाचकहो, हे आमच्या भागास नवीन आहे काय? पावसाळ्यात घरातील दाणा संपतो, भात अजून शेतात हिरवे असते, मजुरी नसते. अशा वेळी गरिबाने सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या दारी जाऊन पोटासाठी जे धान्य आणावयाचे त्यास खावटी म्हणत. मणभर घेतले तर कापणीनंतर दीड मण घालावयाचे. ते फिटले नाही की पुढच्या वर्षी ते आणखी वाढावयाचे, आणि शेवटी शेत, बैल व स्वतःचे हातपाय सावकाराचे व्हावयाचे. हा त्या काळच्या चिठ्ठ्यांचा हिशेब होता. आज तो निराळ्या रूपाने चालू आहे. कर्जत-खालापूरकडील कित्येक कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या अडचणीत वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या भट्टीच्या मालकाकडून, नाही तर त्याच्या मुकादमाकडून, उचल घेतात. दिवाळी झाली की लहान मुलांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुलांची शाळा बुडते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल पुरती फिटलेली नसते, असे पुष्कळांच्या अनुभवास येते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणसास बांधून ठेवणे गुन्हा ठरविले, व तसले कर्जच रद्द केले. तरी भूक आहे तोवर अंगठा उठतच असतो. कोणी त्यास बळजबरी केली, असे दिसतही नाही. त्याने आपण होऊन घेतली, असे म्हणावयास मालक मोकळा असतो. कॅटनिसनेही त्या चिठ्ठ्या आपण होऊनच टाकल्या होत्या.

आमच्या उपदेशकांस ह्याच संबंधात उत्पत्तीचा ४७ वा अध्याय आठवेल. योसेफाने सात वर्षे धान्य साठविले व दुष्काळात मिसर देश वाचविला, एवढे आम्ही मुलांस आनंदाने शिकवितो. परंतु त्याच अध्यायात असेही आहे की, लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमीन व स्वतःची शरीरे दिली, आणि ते फारोचे दास झाले. एकाच कोठीतून प्राणही वाचतात व दास्यही उपजते. धान्य आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या अटीवर दिले जाते हेही पाहिले पाहिजे.

ही अट बदलता येते, हे आमच्या कर्जत भागातच दाखवून दिलेले आहे. माथेरान येथे १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांस लोक भाई कोतवाल म्हणतात, ते वकील झाले, परंतु त्यांनी आपले लक्ष डोंगरातील गरीब शेतकऱ्यांकडे लावले. पावसाळ्यात शेतकऱ्यास सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून त्यांनी ह्या भागात धान्याच्या कोठ्या काढल्या. पुढे १९४२ च्या चळवळीत ते पडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील ह्यांच्यासह पोलिसांच्या गोळीने मरण पावले. त्यांच्या त्या लढ्याची आठवण लोक दरवर्षी करतात, आणि ती करावी. परंतु गोळीस छाती देण्याच्या आधी त्यांनी धान्याची कोठी उघडली होती, हे आम्हांस तितकेच मोठे वाटते. ज्याच्या घरी श्रावणात दाणा आहे, त्यास आपल्या नावाची जास्त चिठ्ठी टाकावी लागत नाही.

दुसरा दाखला ह्याच जिल्ह्यातील अलिबागजवळच्या चरी गावचा आहे. तेथील कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली संप केला व खोतांची शेते कसण्याचे सोडून दिले. तो संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी त्या शेतकऱ्यांची बाजू घेतली, व १९३७ साली खोती नाहीशी करण्याचे बिल कायदेमंडळात मांडले. खोताचे बळ कशात होते? एका कुळाने शेत सोडले तर दुसरे भुकेले कूळ ते घेईल, ह्या भरवशात. ज्या दिवशी दुसऱ्यानेही घेण्याचे नाकारले, त्या दिवसापासून तो भरवसा ढासळू लागला. कादंबरीच्या शेवटीही असेच होते. कॅटनिस व तिच्या गावचा पीटा ही दोघेच उरतात, आणि आता एकाने दुसऱ्यास मारावे असा हुकूम होतो. तेव्हा ती दोघे विषारी फळे हातात घेतात. मेलो तर दोघेही मरू, पण तुमचा खेळ पुरा करणार नाही, असे ती कृतीने सांगतात. राजधानी घाबरते व दोघांस सोडते. आपला जीव आपण घ्यावा हा धडा कोणी ह्यातून घेऊ नये. तो सर्वथा चुकीचा आहे, व तरुणांस हे स्पष्ट सांगितले पाहिजे. घ्यावयाचे ते एवढेच की, भुकेल्यास भुकेल्यावर सोडणारा नियम दोघांनी मिळून नाकारला, तर तो टिकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती वाचणाऱ्यास टोचणारी आहे. राजधानीचे लोक राक्षस नाहीत. ते हौशी आहेत, रडतातही, आवडत्या मुलासाठी भेटी पाठवितात. त्यांचा दोष एवढाच की, दुसऱ्याचे मरण त्यांस करमणूक वाटते. दूरचित्रवाणीवर एकीकडे पैजेचे खेळ व दुसरीकडे लढाईची दृश्ये आळीपाळीने पाहताना ही गोष्ट आपणांस सुचली, असे लेखिकेने सांगितले आहे. तेव्हा जो वाचक पुढचा कोण मरेल एवढ्याच उत्सुकतेने पाने उलटतो, तो नकळत राजधानीच्या बाकावर जाऊन बसतो. दरडीखालून काढलेल्या देहाचे चित्र मोबाइलवर एकमेकांस पाठविणारा, किंवा भट्टीवरून परतलेल्या मुलांचे हाल ऐकून चुकचुकून मग चहा मागविणारा, हाही त्याच बाकावर बसतो. हे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. आमच्याविषयीच लिहीत आहो.

तर मग हे पुस्तक मुलांनी वाचावे काय? आमचे मत असे की, फार लहान मुलांस ते देऊ नये. परंतु ज्या वयात मुलास न्याय-अन्याय कळू लागतो, त्या वयात त्याने ते वाचल्यास हरकत नाही. मात्र त्याने एकट्याने वाचून मिटवून ठेवू नये. वडील भावाने, शिक्षकाने किंवा उपदेशकाने त्याच्याजवळ बसून तीन गोष्टी विचाराव्या. नियम कोणी केला? कोणाच्या चिठ्ठ्या जास्त होत्या, आणि का? आणि तू पाहत असताना कोणत्या बाकावर बसला होतास? ज्यास हे पुस्तक इंग्रजीत वाचता येत नाही, त्यास गोष्ट तोंडी सांगावी. कारण तिचा मर्म समजण्यास आमच्या वाड्यांतील माणसांहून अधिक लायक कोण आहे? पीटाने एकदा उपाशी कॅटनिससाठी मुद्दाम भाकरी करपविल्या, त्याबद्दल आईचा मार खाल्ला, आणि त्या तिच्याकडे फेकल्या. ती ते जन्मभर विसरत नाही. भाकरीचा असा हिशेब आमच्या म्हाताऱ्या बायकांस कोणी समजावून द्यावा लागत नाही.

आणि गोष्ट सांगून झाल्यावर हातांनी काही करावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क आहे, आणि प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलोचा. हे धान्य उपकार नव्हे, आणि त्याच्या बदल्यात कोणाच्या नावाची चिठ्ठी पडत नाही. कातकरी लोकांची गणना सरकारने विशेष दुर्बल आदिवासींत केली आहे. तरी एखाद्या घरचे कार्ड हरवलेले असते, एखाद्याचे नाव त्यात चढलेले नसते, एखाद्याच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास उमटत नाही, आणि एखादे कुटुंब भट्टीवर गेल्यामुळे त्याचे धान्य उचललेच जात नाही. रेशनकार्डावरील धान्य आता दुसऱ्या गावीही घेता येते, हे पुष्कळांस कोणी सांगितलेले नसते. ज्या मुलास इंग्रजी कादंबरी वाचता येते, त्यास हे अर्ज भरता येतात व तहसील कचेरीत जाता येते. प्रत्येक मंडळीने ज्येष्ठ महिन्यात आपल्या गावच्या वाड्यांतून फिरून कोणाच्या घरी दाणा नाही व कोणाचे कार्ड अडले आहे ह्याची यादी करावी. ती यादी करताना कोण कोणत्या जातीचा व कोणत्या धर्माचा हे पाहू नये. शक्य असेल तेथे कापणीनंतर घरटी पायली-दोन पायली भात एकत्र ठेवून लहानशी कोठी करावी, आणि पावसाळ्यात त्यातून द्यावे. जेवढे दिले तेवढेच परत घ्यावे, दीडपट नव्हे.

हे काम लहान दिसेल. परंतु आषाढात एका घरी उचल घेण्याची गरज पडली नाही, तर कार्तिकात त्या घरचे एक मूल भट्टीवर न जाता शाळेत बसेल. आमच्या तरुणांनी मरणाच्या खेळाची गोष्ट वाचली असेल, तर त्यांनी ह्या वर्षी एवढे करून पाहावे.